गर्भारपणाचे पहिले दिवस आणि व्यायामाची यंत्रे

गेल्या काही वर्षांत व्यायामाची यंत्रे आपल्या अगदी जवळ आली आहेत. नगरपालिकांच्या उद्यानांत ‘ओपन जिम’ उभी आहे, अनेक कॉलेजांत व्यायामशाळा आहे, आणि हप्त्याने घेतलेली सायकल काही घरी कपडे वाळत घालण्याच्याही कामी येते. या यंत्रांवर मुली व विवाहित भगिनी व्यायाम करू लागल्या, ही समाधानाची बाब आहे. परंतु पाळी चुकते, दिवस राहिल्याचे कळते आणि एक प्रश्न मनात घर करतो : गेले तीन-चार आठवडे आपण रोज यंत्रावर चढत होतो, त्याने काही बिघडले तर नसेल? वडीलधारी मंडळी या काळजीत भरच घालतात. दुर्दैवाने गर्भ टिकला नाही, तर दोष सायकलला, म्हणजे पर्यायाने सुनेलाच दिला जातो. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती घरातील सर्वांना असणे आवश्यक आहे.

प्रथम शरीररचना पाहू. सुमारे 12 आठवड्यांपर्यंत गर्भाशय ओटीपोटात, कमरेच्या हाडांच्या कड्याआड असते. सहाव्या आठवड्यात गर्भाची लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर असते व तो पाण्याच्या पिशवीत सुरक्षित असतो. पायडल मारल्याने किंवा चालण्याच्या हिसक्याने तो ‘निसटत’ नाही. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे 10 टक्के पहिल्या काही महिन्यांतच संपुष्टात येतात आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष कारणीभूत असतो. हा दोष बहुधा बीजफलनाच्या सुमारासच ठरलेला असतो. त्याचा सायकलशी काही संबंध नसतो.

दुसरी भीती विजेची. ट्रेडमिलच्या दांडीवरील धातूच्या पट्ट्या धरल्या की नाडीचे ठोके दिसतात. या पट्ट्या हृदयातून निघणारे विद्युत्संकेत हाताच्या तळव्यांवरून टिपतात. त्यातून एक्स-रेसारखे किरण बाहेर पडत नाहीत. याउलट, पोटाला बांधून स्नायूंना विजेचे झटके देणारे पट्टे आणि अंग हादरवणाऱ्या पाट्या मात्र या काळात वापरू नयेत. त्यांचे उत्पादकही सहसा तशी सूचना देतात. शरीरातील चरबी मोजणारा काटा अंगातून अत्यंत सौम्य वीज सोडतो. त्याने अपाय झाल्याचे सिद्ध नाही, पण गर्भारपणात ते मोजून उपयोगही नाही, तेव्हा तो बाजूला ठेवावा.

खरा धोका आहे तो पडण्याचा. सुरुवातीच्या महिन्यांत रक्तदाब थोडा उतरतो, उलट्यांनी खाल्लेले अंगी लागत नाही, उठता-बसता चक्कर येते. अशा वेळी धावत्या ट्रेडमिलचा पट्टा पायाखालून सरकला तर तोल सावरणे कठीण. वेग चालण्याइतकाच ठेवावा आणि यंत्र थांबवणारी दोरी कपड्याला अडकवावी. उद्यानातील हवेत चालण्याच्या यंत्राची पावले मोकळी झुलतात व त्याला सहसा ब्रेक नसतो. नट सैल झाले आहेत का, पावसाने पाय ठेवण्याची जागा निसरडी झाली आहे का, हे पाहूनच चढावे. शंका आल्यास त्याच उद्यानात सरळ चालावे. वजने उचलताना श्वास कोंडू नये. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते : सुनेची सायकल बंद करणाऱ्या घरात पाण्याचा भरलेला हंडा मात्र तिलाच उचलावा लागतो.

उष्णतेचाही विचार करावा. गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे चार आठवड्यांत मिटते. त्या काळात शरीराचे आतील तापमान 39 अंश सेल्सिअसच्या वर राहणे हितावह नाही. म्हणून वाफेची खोली टाळावी आणि वैशाखात पत्र्याच्या तापलेल्या खोलीत घाम गाळत बसू नये. सकाळी, हवेशीर जागी, पाणी जवळ ठेवून केलेल्या माफक व्यायामाने तापमान इतके चढत नाही.

किती व्यायाम करावा, याविषयीचे मत काळानुसार बदलले आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये नाडी मिनिटाला 140 च्या वर जाऊ नये, असे सांगितले होते. ही मर्यादा 1994 मध्ये वगळण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार, वैद्यकीय अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा. व्यायाम करताना बोलता यावे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा.

रक्तस्राव, छातीत दुखणे, श्रमापूर्वीच धाप लागणे, भोवळ, पोटात कळा किंवा पोटरीला सूज व वेदना यांपैकी काही जाणवल्यास यंत्रावरून उतरून डॉक्टरांना गाठावे. हृदयविकार वा तीव्र रक्तक्षय असणाऱ्यांनी आधीच विचारावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातील सुमारे 52 टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. तेव्हा सायकलच्या काळजीआधी हिमोग्लोबिन तपासणे इष्ट. फॉलिक ॲसिडची गोळी पहिल्या महिन्यांतच सुरू करायची असते. ही तपासणी सरकारी रुग्णालयात होते. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांची दर महिन्याच्या 9 तारखेला मोफत तपासणी केली जाते. पहिल्या तिमाहीत मात्र त्या तारखेची वाट पाहू नये, लगेच नाव नोंदवावे. जाताना आपण कोणते यंत्र किती मिनिटे वापरतो, हे कागदावर लिहून न्यावे.