काळे रान, भरलेली ट्रॉली आणि मागच्या चाकांचे लॉक



उसाच्या वाहतुकीतला अवघड टप्पा कोणता, असे विचारले तर कोणी खड्ड्यांचा रस्ता सांगेल, कोणी वजनकाट्यावरची रांग. पण अंबड, घनसावंगी, परतूर भागातल्या गोदाकाठच्या किंवा जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालच्या सभासदाला विचारा. तो सांगेल, फडापासून पाणंदीपर्यंतची दोन-तीनशे पावले. पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर गाडी सुखाने जाते. बसते ती इथेच.

आपली काळी जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यातल्या चिकणमातीचा तो गुणच आहे. कापसाला, उसाला ती लेकुरवाळी. पण टायरच्या खाचा तिने एकदा भरल्या की टायर पाटासारखा गुळगुळीत होतो. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यातला ऊस मे संपत आला तरी उभा होता आणि राज्यातला हंगाम जूनच्या मध्यापर्यंत रेटावा लागला. पावसाच्या आधी ऊस बाहेर काढायची काय धावपळ झाली ती आपण पाहिली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात तर अतिवृष्टीने आणि गोदावरीच्या पुराने राने पाण्याखाली गेली. अशा वर्षी वरून कोरडे दिसणारे रान वीतभर खाली ओलेच असते.

तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा, हे आपण नेहमी सांगतो. ट्रॉली भरून रानात बसली की उसाचे वजन सभासदाचे जाते, साखर कारखान्याची जाते, टोळीचा दिवस मोडतो. आणि ती काढायच्या घाईत कधी कधी माणूसही जातो. म्हणून नवा ट्रॅक्टर, जुना टिपर किंवा रानात फिरायला जीप घेणाऱ्या सभासदांसाठी मागच्या धुऱ्यातल्या लॉकविषयी, म्हणजे डिफरन्शियल लॉकविषयी, चार गोष्टी येथे देत आहोत. बहुतेक जण गाडी घेताना हॉर्सपॉवर विचारतात, हप्ता विचारतात; लॉक आहे का, कसले आहे, चालते का, हे क्वचितच कोणी विचारतो.

जुवाचा हिशेब

गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली तर वळणावर एक चाक फरफटेल. ते होऊ नये म्हणून मागच्या धुऱ्यात मधोमध डिफरन्शियल असते. इंजिनाचा जोर ते दोन्ही चाकांना सारखा वाटून देते आणि ज्याला जितके फिरायचे तितके फिरू देते. सोय उत्तम आहे, पण खोड त्याच वाटणीत आहे.

बैलजोडी डोळ्यांपुढे आणा. जू दांडीला मधोमध बांधलेले आहे. डाव्या बैलाने अंग सोडले की जू तिरके होते. उजवा कितीही तगडा असो, त्याचा जोर डाव्याच्या जोराइतकाच गाडीला लागतो. बाकीचा नुसता जू फिरवण्यात जातो. (म्हणून तर जाणता शेतकरी दुबळ्या बैलाच्या बाजूला जू थोडे जास्त सोडतो.) डिफरन्शियल हे असेच मधोमध बांधलेले जू आहे. समजा, चिखलातले डावे चाक घसरण्याआधी दोन क्विंटलाइतकाच जोर धरते आणि कोरड्यातले उजवे दहा क्विंटलाइतका. तरी गाडीला लागणारा जोर दोन आणि दोन, चारच. डावे चाक गरगरते, उजवे ढिम्म उभे राहते आणि ड्रायव्हर म्हणतो, "काहून निघंना बरं, इंजिनात तर लई ताकद हाय!" ताकद आहेच, पण ती दुबळ्या चाकाच्या मापाने मोजली जाते.

लॉक म्हणजे जू तिरके होऊ नये म्हणून दांडीला ठोकलेली पाचर. लॉक लावले की दोन्ही चाके एकजीव फिरतात आणि आपल्या उदाहरणात दोन अधिक दहा, बारा क्विंटल जोर मिळतो. पण दोन्ही चाके सारखीच गुडघाभर चिखलात असतील तर दोन आणि दोन, चारच. लॉक नवी पकड निर्माण करत नाही. एका चाकाखाली वाया चाललेली पकड ते कामाला लावते, एवढेच. हे ज्याला कळले त्याची निम्मी खरेदी बरोबर झाली.

ट्रॅक्टर घेताना

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना लॉक कारखान्यातूनच येते. ड्रायव्हरच्या टाचेजवळ छोटे पेडल असते. ते दाबले की आतले दात एकमेकांत बसतात, पाय काढला की स्प्रिंगने सुटतात. उसाच्या कामाला हीच जात सर्वात चांगली, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते कधी लावायचे हे ड्रायव्हरच्या हाती, नव्हे पायी, असते आणि नसते तेव्हा ते मध्ये येत नाही.

नव्या ट्रॅक्टरसाठी विक्रेत्याकडे चाचणी अहवाल मागावा. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते आणि दांड्यावरची ओढ किती, चाकाला वजने लावून किती, न लावता किती, हे अहवालात दिलेले असते. चाकाचे वजन आणि टायरमधले पाणी यांचा लॉकशी जवळचा संबंध आहे. हलक्या चाकाला लॉक लावून फार काही साधत नाही.

जुना ट्रॅक्टर घेताना लॉकची परीक्षा घरच्या घरी होते. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी, मागची दोन्ही चाके उचलून धुरा भक्कम ठोकळ्यांवर ठेवावा. नुसत्या जॅकवर कदापि नाही. इंजिन बंद करून गिअर न्यूट्रल करावा, हँडब्रेक काढावा. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने हाताने एक चाक फिरवावे. सुरुवातीला ते थोडे फिरून दात बसतील. मग दुसरे चाकही त्याच दिशेने फिरले तर लॉक लागते. आता पाय काढून ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकावा आणि एक चाक फिरवावे. दुसरे उलट दिशेने फिरले तर लॉक सुटते हेही कळले. पेडल गंजून बसलेले, दात झिजलेले किंवा पेडलच काढून टाकलेले, असे ट्रॅक्टर बाजारात कमी नाहीत. "त्याची गरज पडत नाही" असे विकणारा म्हणाला, तर त्याचे रान मुरमाड आहे असे समजावे.

फोर-व्हील ट्रॅक्टर घेतला की लॉक कशाला, असेही विचारले जाते. पुढचा धुराही ओढू लागतो हे खरे. पण पुढचे एक आणि मागचे एक चाक एकाच वेळी घसरले की हा ट्रॅक्टरही उभाच. मागचे लॉक त्यालाही लागते.

ट्रक आणि टिपर

ऊस वाहणाऱ्या साध्या ट्रकला सहसा लॉक नसते. तो रस्त्यावरच उभा करावा आणि ऊस बैलगाडीने किंवा छोट्या ट्रॉलीने त्याच्यापर्यंत आणावा, हे आम्ही लॉक असतानाही सुचवू. खाणीत चाललेला जुना टिपर मात्र लॉकसह मिळतो आणि तिथे फसगत होण्याची एक खास जागा आहे. मागे ओढणारे दोन धुरे असलेल्या टिपरला दोन प्रकारची लॉके असू शकतात. एक दोन धुऱ्यांच्या मधले, दुसरे एका धुऱ्याच्या दोन चाकांमधले. डॅशबोर्डवर एकच बटण असेल तर ते बहुधा पहिल्या प्रकारचे. त्याने दोन्ही धुरे जोडले जातात, पण प्रत्येक धुऱ्याचे डाव्या बाजूचे चाक चिखलात असेल तर गाडी जागची हलत नाही. ओढ्याच्या काठाने, बांधाच्या कडेने जाताना नेमके हेच होते. म्हणून विकणाऱ्याला "लॉक आहे का" असे न विचारता "कुठले लॉक आहे" असे विचारावे. ही लॉके बहुधा हवेवर चालतात. टाकीत हवा पुरती भरलेली असतानाच परीक्षा घ्यावी.

लॉक नसलेल्या गाडीला वर्कशॉपमधून डिफरन्शियल वेल्डिंग करून घेण्याचा स्वस्त उपाय कोणी सुचवला तर हात जोडावेत. ते कायमचे ठोकलेले जू. डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर फरफटतात, अ‍ॅक्सल शाफ्टवर पीळ बसतो आणि भरलेली गाडी वळायची तिथे सरळ जाऊ पाहते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करता येत नाहीत. अपघात झाल्यावर विमा कंपनी ते पाहिल्याशिवाय राहणार नाही.

जीपचे थोडक्यात. रानात, शिवारात फिरायला गाडी घेणाऱ्यांपुढे हाताने लावायचे लॉक आणि आपोआप लागणारे लॉक असे दोन मार्ग असतात. फोर्स गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लावायची लॉके आहेत. महिंद्रा थारला २०१५ पासून मागे आपोआप लागणारे लॉक मिळू लागले. दोन चाकांच्या फिरण्यात बराच फरक पडला आणि वेग कमी असला की ते स्वतःच दात धरते. गाडी घरात तिघे-चौघे चालवत असतील तर आपोआप लागणारे बरे, कारण विसरण्याचा प्रश्न नाही. मात्र ते चाक घसरल्यावरच जागे होते. घसरण्याआधी लावण्याची सोय हाताच्या लॉकालाच. तिसरा प्रकार आतल्या घर्षणपट्ट्यांचा. तो थोडी मदत करतो, त्याला वेगळे ऑइल लागते आणि पट्ट्या झिजतात. आपल्या चिखलाला तो पुरत नाही.

रानात वापरताना

लॉके बऱ्याचदा तुटतात ती उशिरा लावल्यामुळे. चाक गरगरत असताना पेडल दाबले की दात दातावर आदळतात आणि तुकडे ऑइलमध्ये पडतात. समोर ओल दिसली की आधी थांबावे, क्लच दाबून चाक स्थिर करावे, लॉक लावावे, खालच्या गिअरमध्ये हळू क्लच सोडत सरळ निघावे. लॉक लागलेले असताना वळायचे नाही. स्टेअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर नाकासमोरच जाऊ पाहतो. लॉक नसलेल्या ट्रॅक्टरला जुनी युक्ती आहे. ज्या बाजूचे चाक घसरते तिकडचाच ब्रेक हलका दाबावा, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. त्यासाठी सोडवलेली ब्रेकची जोडपट्टी रस्त्यावर चढण्यापूर्वी आठवणीने लावावी.

तोडणीच्या आधी पंधरा दिवस पाणी तोडणे, चाकाच्या वाटेवर पाचट अंथरणे, दोन ट्रॉल्या एकामागून एक बाहेर काढून मग जोडणे, ही कामे कोणत्याही लॉकापेक्षा स्वस्त पडतात.

आता सर्वात गंभीर गोष्ट. ट्रॅक्टर बसला की मागच्या चाकांना आडवे लाकूड साखळीने बांधायचे आणि पुढे काढायचे, ही रीत गावोगाव आहे. ती बंद व्हायला हवी. लाकूड मातीत रुतले की चाके फिरू शकत नाहीत, पण इंजिन तर फिरवतेच आहे. चाक फिरत नसेल तर ट्रॅक्टरचा सांगाडाच चाकाभोवती फिरतो. पुढची चाके उचलतात आणि पापणी लवायच्या आत ट्रॅक्टर मागे उलटून ड्रायव्हरच्या अंगावर येतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. चाके धुऱ्यापर्यंत रुतलेली असताना लॉक लावून पुढच्या गिअरमध्ये जोर देणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे. उलट लॉक तिथे दोन्ही चाके एकदम अडकवते. अशा वेळी ट्रॉली सोडावी, चाकामागची माती फावड्याने काढावी आणि रिव्हर्समध्ये, आलेल्या चाकोरीतून मागे निघावे. तसेही निघाला नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावे. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी खालच्या दांड्यालाच लावावी, वरच्या लिंकला किंवा धुऱ्याला नाही. टोळीतल्या बायामाणसांना आणि पोरांना साखळीच्या लांबीपेक्षा लांब उभे करावे. तुटलेली साखळी कोणाला ओळखत नाही.

ट्रॅक्टर पाणंदीला लागला की पेडलावरून पाय काढलेला असला तरी लॉक सुटलेच असे नाही. चाकांवर ताण असेल तर दात अडकून राहतात. क्लच दाबून चार हात सरळ जाऊ द्यावे, स्टेअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवावी, सुटल्याचा हिसका कळतो. मगच डांबरीवर वळावे.