व्यावसायिक आरोग्यसेवा

व्यावसायिक आरोग्यसेवा : कामाच्या ठिकाणी उद्‌भवणारे रोग व अपघात यांपासून कामगारांचे संरक्षण करणारी, प्रामुख्याने प्रतिबंधक स्वरूपाची आरोग्यव्यवस्था. आजारी कामगाराला औषध देणे हे या सेवेचे गौण अंग होय; कामामुळे तो आजारीच पडू नये अशी परिस्थिती निर्माण करणे हा तिचा मुख्य हेतू असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त समितीने १९५० मध्ये या विषयाची उद्दिष्टे निश्चित केली. काम माणसाला व माणूस कामाला अनुरूप असावा, हे त्यांचे सार होय.

इतिहास : बेर्नार्दीनो रामात्सीनी (१६३३–१७१४) या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध केला. वैद्याने रोग्याला त्याचा व्यवसायही विचारावा, असा त्याचा आग्रह होता. धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा काजळीशी असलेला संबंध पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७५ मध्ये दाखवून दिला. ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्याने कारखाना निरीक्षक नेमले गेले व १८९८ मध्ये टॉमस लेग हे पहिले वैद्यकीय निरीक्षक झाले. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन (१८६९–१९७०) यांनी कारखान्यांतील शिशाच्या विषबाधेचा प्रत्यक्ष पाहणी करून अभ्यास केला.

प्रतिबंधाचे महत्त्व आगकाड्यांच्या उद्योगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पांढऱ्या फॉस्फरसाच्या वाफांमुळे या उद्योगातील कामगारांच्या जबड्याचे हाड कुजत असे. आगकाड्यांमधील त्याच्या वापरावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९०६ मध्ये बर्न येथे झाला आणि त्याऐवजी निर्धोक पर्याय वापरात आल्यावर हा रोग नाहीसा होत गेला.

कार्य : या सेवेत वैद्य, परिचारिका, औद्योगिक आरोग्यविज्ञानतज्ञ व सुरक्षा अधिकारी एकत्र काम करतात. प्रथम कामाच्या जागेची पाहणी करून धूळ, विषारी वायू, गोंगाट, उष्णता, प्रारण इत्यादींचे मापन केले जाते. नंतरच्या उपायांचा एक निश्चित क्रम आहे : घातक पदार्थ वगळणे, त्याऐवजी कमी घातक पदार्थ वापरणे, प्रक्रिया बंदिस्त करणे, निर्मितीच्या जागीच धूळ वा वायू शोषून घेणे, कामाच्या पाळ्यांची फेररचना करणे आणि अखेरीस मुखपट, कर्णरक्षक यांसारखी वैयक्तिक साधने देणे. खडकात कोरडे छिद्र पाडण्याऐवजी पाण्याचा फवारा वापरल्यास धूळ बरीच कमी होते. केवळ मुखपट वाटून तो परिणाम साधत नाही. वैयक्तिक साधने स्वस्त असल्यामुळे पुष्कळदा क्रम उलटा होतो व सुरक्षिततेचा भार कामगारावरच पडतो.

वैद्यकीय तपासणी : कामावर घेताना, ठराविक कालांतराने व दीर्घ आजारानंतर कामावर परतताना कामगारांची तपासणी केली जाते. कामाच्या स्वरूपानुसार श्रवणमापन, श्वसनक्षमतेची चाचणी, छातीचे क्ष-किरण चित्रण, रक्तातील शिशाचे मापन इ. चाचण्या योजतात. काही रोगांत लक्षणे वेळीच ओळखल्यास हानी टळते. उदा., कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये आरंभी साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. याउलट सिलिकोसिसमध्ये फुप्फुसांत पडलेले व्रण पूर्ववत होत नाहीत, तर ॲस्बेस्टसामुळे होणारा कर्करोग संपर्कानंतर अनेक दशकांनीही प्रकट होऊ शकतो. त्यामुळे काम सोडलेल्या कामगारांची तपासणी व नोंदींचे दीर्घकालीन जतन आवश्यक ठरते.

विश्वासाचा प्रश्न : या सेवेतील वैद्याचे वेतन सामान्यतः मालक देतो, परंतु त्याचे कर्तव्य कामगाराच्या आरोग्याशी असते. तपासणीत दोष आढळल्यास नोकरी जाईल अशी भीती असल्यास कामगार लक्षणे लपवितो आणि सेवेचा पायाच खचतो. म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८५ च्या करारात (क्रमांक १६१) या सेवेतील कर्मचाऱ्यांना व्यावसायिक स्वातंत्र्य असावे. आरोग्य-तपासणी विनामूल्य, वेतनाची हानी न होता व शक्यतो कामाच्या वेळेत व्हावी. तसेच कामगाराच्या गैरहजेरीच्या कारणांची पडताळणी करण्यास या कर्मचाऱ्यांना सांगितले जाऊ नये, अशा तरतुदी केल्या आहेत.

भारतातील स्थिती : भारतात पहिला कारखाना अधिनियम १८८१ मध्ये झाला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रथमोपचार, प्रमाणक शल्यचिकित्सक, पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात रुग्णोपचार कक्ष व व्यवसायजन्य रोगांची अनिवार्य सूचना यांची तरतूद केली. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे व त्या त्यांना उपलब्ध करून देणे मालकांवर बंधनकारक झाले. या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली असून तीत विहित वर्गांतील कामगारांसाठी विनामूल्य वार्षिक तपासणीची तरतूद आहे. कर्मचारी राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. तिचा भर मुख्यतः उपचार व आर्थिक साहाय्य यांवर आहे. संशोधन व प्रशिक्षण या क्षेत्रांत अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि मुंबईतील शीव येथील केंद्रीय श्रम संस्था कार्य करतात.

भारतातील बहुसंख्य कामगार मात्र शेती, बांधकाम, दगडखाणी व घरगुती उद्योग यांत विखुरलेले आहेत. मध्य प्रदेशातील मंदसौरचे पाटीपेन्सिलींचे आणि गुजरातमधील खंबातचे अकीक घासण्याचे काम करणाऱ्यांत सिलिकोसिस आढळून आला आहे. असे काम बहुधा लहान कर्मशाळांत वा घरीच चालत असल्याने स्वतंत्र वैद्य नेमणे शक्य नसते. अनेक लहान उद्योगांसाठी सामाईक केंद्र काढणे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ही सेवा देणे हे त्यावरील व्यवहार्य उपाय होत. क्षयरोग म्हणून उपचार घेणाऱ्या दगडफोड्याचा व्यवसाय तेथील वैद्याने विचारला, तरच त्याच्या फुप्फुसांतील सिलिकोसिस ओळखला जाण्याचा संभव असतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार जगात दरवर्षी सु. २९ लाख कामगार कामाशी निगडित कारणांनी मृत्यू पावतात, त्यांपैकी सु. २६ लाख मृत्यू रोगांमुळे व उरलेले अपघातांमुळे होतात. अपघात तत्काळ नजरेस येतो व त्याची चौकशी होते. रोग मात्र कामगार घरी गेल्यावर बळावतो आणि त्याची नोंद कामाशी जोडली जात नाही. हा संबंध वेळीच ओळखून कामाची परिस्थिती सुधारणे, यातच व्यावसायिक आरोग्यसेवेची खरी उपयुक्तता आहे. [⟶ व्यवसायजन्य रोग].