तबकडीवरचे गाणे

आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर शहरात 1918 साली शाहू मोडक या नटाचा जन्म झाला. 1940 च्या 'संत ज्ञानेश्वर' बोलपटातील ज्ञानेश्वर ते हेच. त्या काळची गाणी लाखेच्या तबकड्यांवरून घरोघरी पोहोचत. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे.

एखाद्या घराच्या माळ्यावर अशी तबकडी सापडली, की ती संगणकात उतरवून बिनतारी जाळ्याने घरातील खोल्याखोल्यांत ऐकण्याची इच्छा होते. लाख ठिसूळ असते. तबकडी हातातून निसटली की तुकडे झालेच! म्हणून पहिली प्रत निगुतीने घ्यावी. तबकडीची खाच रुंद असते. तिला जाड सुई लागते. बारीक सुई तळाशी घासून नुसती खरखर ऐकवते.

संगणक ध्वनीची लहर सेकंदाला 44,100 वेळा मोजतो व ती मापे आकड्यांत लिहितो. काही यंत्रे 48,000 मापांची असतात. घोटाळा होतो तो येथेच. पहिल्या हिशेबाने लिहिलेले गाणे दुसऱ्या हिशेबाने वाजले, तर तीन मिनिटांचे गाणे सुमारे पंधरा सेकंद आधीच संपते आणि काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनच्याही वर चढतो.

अशा वेळी मूळ प्रत संगणकावरच वाजवून पाहावी. तेथेही स्वर चढलेला असेल, तर तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचा वेग तपासावा. मिनिटाला 78 फेरे हा सर्वसाधारण वेग खरा. परंतु जुन्या तबकड्या सगळ्याच त्या वेगाच्या नसतात. संगणकावर स्वर बरोबर असेल, तर दोष रूपांतराचा समजावा.

जागा वाचावी म्हणून गाण्याची 'एमपी-थ्री' प्रत करतात. तीत कानाला सहसा न जाणवणारे अंश गाळलेले असतात. 'फ्लॅक' प्रकारात मात्र आकडे घडी घालून ठेवलेले असतात; घडी उलगडली की सर्व जसेच्या तसे मिळतात. एमपी-थ्रीचे फ्लॅक केल्यास जागा वाढते, गाळलेले अंश परत येत नाहीत. म्हणून पहिली प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी व लागेल तशी लहान प्रत तिच्यावरून काढावी.

तबकडी मात्र कागदी पाकिटात घालून उभी ठेवावी. आडव्या रचल्या तर खालच्या तबकड्यांना बाक येतो.