खळ, डिंक, सरस

एकाच चित्रात कागद, कापड, माती, सुतळी, वर्तमानपत्राचं कात्रण आणि वरून ॲक्रिलिकचे फटकारे, असं काम आता मुंबई-पुण्याच्या कलादालनांपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सगळीकडे दिसतं. मिश्र माध्यमाच्या दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा होतात. लहानथोर माणसं हौसेनं फाडतात, कापतात, चिकटवतात, फोटो निघतात. सहा महिन्यांनी तीच चित्रं पाहावीत. कागदाचे कोपरे सुटलेले, वर्तमानपत्र तांबूस पडलेलं, चिकटवलेली वाळू गळून फ्रेमच्या तळाशी साचलेली. काय चिकटवायचं हे तिथं शिकवलेलं असतं. कशानं आणि कशावर, हे राहून गेलेलं असतं. माझ्या मते या कलेचं निम्मं शास्त्र त्या दोन प्रश्नांत आहे, आणि त्यांच्या उत्तरांसाठी पॅरिसच्या आधी मराठवाड्याकडे बघायला हरकत नाही.

उदाहरणाला बीड जिल्ह्यातलं उमापूर घेऊ. गाव गेवराई तालुक्यातलं. तालुक्याच्या उत्तर अंगाला गोदावरी. तिच्याच काठी राक्षसभुवन, जिथं १७६३ साली थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेला हरवलं. नदीच्या वरच्या अंगाला पैठण. मुलूख कापसाचा, तुरीचा, बाजरीचा आणि कालव्याचं पाणी आल्यापासून उसाचाही. इथल्या कुणा हौशी चित्रकाराला कॅनव्हास आणि त्याला द्यायचा पांढरा अस्तर-लेप, परदेशी जेसो, आणायचा तर संभाजीनगर नाहीतर पुणं गाठावं लागेल. पण थरावर थर चढवून पृष्ठभाग उभा करण्याचं ज्ञान या भागात घराघरात होतं, आणि थोडंफार अजून आहे.

पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड आठवा. काड्या उभ्या-आडव्या बांधायच्या, त्यावर भुसा घालून तुडवलेल्या मातीचा जाड हात, तो वाळला की शेणमातीचा पातळ हात, आणि सणाच्या आधी पांढऱ्या मातीनं पोतारायचं. काडी ताण घेते, माती वजन घेते, भुसा तडे जाऊ देत नाही, शेणातले बारीक तंतू वरचा पापुद्रा धरून ठेवतात. प्रत्येक थराला वेगळं काम, आणि खालच्यापेक्षा वरचा थर बारीक. माळवदाच्या घरांचं छप्परही याच हिशेबानं रचलेलं: लाकूड, त्यावर काटक्या, त्यावर माती.

अजिंठ्याची भिंत याहून फार निराळी नाही. कातळ टाकीनं मुद्दाम खडबडीत ठेवलेला, म्हणजे लेपाला धरायला जागा मिळते. त्यावर लोहयुक्त मातीत वाळू, गवत, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून दिलेला जाड थर. त्यावर तसाच पण बारीक केलेला दुसरा. मग चुन्याचा पातळ हात. आणि त्यावर रंग. गेरू, पिवळी माती, काजळ, हिरवी माती, आणि थेट अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द दगडाचा निळा. रंग धरून ठेवायला सरसासारखं चिकट द्रव्य. ओल्या चुन्यावर झटपट रंगवायची युरोपातली फ्रेस्को पद्धत ही नव्हे. इथं भिंत वाळल्यावर रंगवलेलं आहे. म्हणजे सगळा भरवसा चिकट द्रव्यावर आणि खालच्या मातीवर.

अशी माती किती विचारपूर्वक कालवली जाई, याचा मोठा पुरावा वेरूळमध्ये मिळाला. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेत काम केलेले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या लेपातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांना भांगेच्या झाडाचे अंश सापडले. ताडून पाहायला ताजे नमुने घेतले त्यात जालन्याजवळचेही होते. त्यांचं टिपण २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलं. त्यांचं म्हणणं असं की या तंतूंमुळे वेरूळचा लेप किडीपासून वाचला. अजिंठ्याच्या लेपात भांग नाही, आणि तिथल्या चित्रांचं किडीनं बरंच नुकसान केलं. दोन्ही ठिकाणी माती, दोन्ही ठिकाणी तंतू. तंतू कुठला यानं पुढच्या हजार-दीड हजार वर्षांत फरक पडला. (भांगेवर कायद्यानं बंधनं आहेत, कार्यशाळेत अंबाडी नाहीतर ताग वापरावा.)

अजिंठ्याची दुसरी गोष्ट चुकीच्या थराची. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात मूळ चित्रांवर व्हार्निश फिरवलं गेलं. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं लोरेंझो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला बोलावलं. सुटत चाललेले पोपडे त्यांनी बसवले, हे उपकारच. पण वरून लाखेचा लेप दिला. लाख पिवळी पडली, तडकली, धूळ धरून बसली. तो थर उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची पुढे वर्षानुवर्षं गेली. हेतू चांगलाच होता. पण लाखेचा कडक पापुद्रा एका तऱ्हेनं आकसतो-फुगतो, मातीची भिंत दुसऱ्या तऱ्हेनं, आणि त्या ओढाताणीत मधला रंग मरतो.

हाच अपघात घरच्या घरी पाहायचा असेल तर मातीनं सारवलेल्या पुठ्ठ्यावर फेविकॉलचा जाड थर द्यावा आणि उन्हात ठेवावा. फेविकॉल आकसतो आणि मातीची खपली घेऊन वर येतो, वाळलेल्या तळ्याच्या गाळासारखी. दोष फेविकॉलचा नाही. १९५९ साली बाजारात आलेल्या या पांढऱ्या गोंदानं सुतारांची सरस शिजवण्याची कटकट संपवली; लाकडाला आणि कापडाला तो उत्तमच. पण खालचा थर वरच्यापेक्षा कमजोर असला की वरचा त्याला उचलतो. पाण्याच्या रंगावर तेलरंग चालतो, तेलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, हेही त्याच घराण्यातलं सूत्र. कार्यशाळेच्या पहिल्या तासाला एवढं सांगितलं तरी निम्मी चित्रं वाचतील.

मराठवाड्याला दुसरी परंपरा कागदाची. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांपासून हातकागद बनत आला आहे. पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रकथी परंपरेतली एकोणिसाव्या शतकातली चित्रं, मोठ्या वाटोळ्या डोळ्यांची, एका बाजूनं दिसणाऱ्या चेहऱ्यांची, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. कोकणात पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी हा प्रकार जिवंत ठेवला. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पिंगुळीच्या पोथीत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एकट्या कागदाला रंग लावला की तो एका अंगाला वळतो. पाठीला दुसरा कागद लागला की दोघांची ओढ एकमेकांना अडवते आणि पान ताठ राहतं. कोलाज वाकडं होतं अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला देण्याजोगं उत्तर त्या पोथीत आहे: मागूनही एक कागद लाव.

भिंतीवरचं चित्र कागदावर आलं तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला. बिहारमधल्या मिथिलेत १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी पाठवलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला सांगत फिरले. पुढे सत्तरीच्या दशकात ते डहाणूकडे वारल्यांच्या पाड्यांवर गेले. तिथं भेटलेले जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आले, तेव्हा नुसतं चित्र हलून भागणार नव्हतं. कापडाला शेणाचा किंवा गेरूचा हात, पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ आणि डिंक, रंगवायला चावून मऊ केलेली बांबूची काडी. भिंतीवर पीठ नुसत्या पाण्यातही चाललं असतं, कारण पुढच्या लग्नाला ती पुन्हा सारवायचीच होती. गुंडाळून मुंबईला न्यायच्या कापडावर डिंकाशिवाय पीठ झडलं असतं. कला जागा बदलते तेव्हा आधी चिकट द्रव्याला जागं व्हावं लागतं. या बदलावर समाजशास्त्रीय लिखाण पुष्कळ झालं. त्या डिंकाकडे फार थोड्यांनी पाहिलं.

शहरातल्या स्टुडिओंमध्येही जाणत्या चित्रकारांनी हीच चाचपणी केली. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग पसरत, खरवडत, आणि फाडलेल्या कागदाच्या तुकड्यांनी रंगाचा ठसा कॅनव्हासवर उतरवत. कागद चित्रात राहत नसे, त्याचं काम राही. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) विणकर सेवा केंद्रात नोकरी करत कापडाच्या जगात वावरले आणि कॅनव्हासवर त्यांनी एनॅमल रंग वापरला, तोच, जो तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दिसतो. साधन स्वस्त असल्यानं चित्र स्वस्त होत नाही, हे पटवायला शाळेत बरव्यांचं एक चित्र दाखवावं.

गटानं काम करण्याचा आपल्याकडचा लक्षणीय प्रयोग मुंबईतला. चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली, आणि तो पैसा एकट्याच्या चित्रांवर न घालवता त्यांनी १९६९ ते १९७२ या काळात ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ चालवलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एका छताखाली, साधनं सामायिक. नुकतंच जे. जे. मधलं शिक्षण संपवलेल्या नलिनी मलानी यांनी तिथं छोटे चित्रपट आणि कॅमेऱ्याविना छायाचित्रं केली. खुद्द पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या चित्रपटाची एकुलती एक प्रत मात्र हरवली. त्या वर्कशॉपमध्ये कुणी कुणाला ‘आज आपण कोलाज करू’ असं शिकवत नव्हतं. एकाचं यंत्र दुसऱ्याच्या हातात जात होतं, आणि चित्रकार चित्रपटाच्या अडचणीत सापडत होता. आजच्या कार्यशाळांत सगळ्यांसमोर एकसारखं किट ठेवलेलं असतं, तिथं ही देवाणघेवाण घडणार कशी?

उमापूरसारख्या गावात ती घडू शकते, कारण हातांची विभागणी तिथं आधीपासूनच आहे. सारवणाचा अंदाज एकीला, गोधडीचा टाका दुसरीला, ऑइल पेंटनं पाट्या रंगवणारा तिसरा, आणि शाळेतले चित्रकलेचे सर चौथे. सरांपुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या तयारीत वर्ष जातं, आणि दहावीच्या वाढीव गुणांमुळे पालकांचं लक्षही तिथंच. त्यामुळे हे काम सुट्टीतच करावं लागेल. मराठवाड्यातल्या महालक्ष्म्यांची मांडणी आठवली की गटाची रीत वेगळी शिकवायची गरज उरत नाही. मुखवटे, धड, धान्य, लुगडं, दागिने, फुलोरा, सगळं निरनिराळ्या हातांनी येतं आणि उभी राहते ती एक मूर्ती.

वेळापत्रक मात्र दोन दिवसांचं नको. एक थर द्यावा आणि घरी जावं. पुढच्या रविवारी दुसरा. मे महिन्याच्या उन्हात माती वरून झटकन वाळते, आतून ओली राहते आणि तडकते, म्हणून काम सावलीत, वर ओलं गोणपाट टाकून वाळवावं. पावसाळ्यात सरस ओल धरून सैल पडतो. खळीला बुरशी येते. जुने बुकबाइंडर त्यासाठी मैद्याच्या खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी, मुलांच्या हाताशी नको. खळ रोज थोडी, ताजी शिजवावी.

त्याहून चांगला पर्याय चिंचोक्यांचा. भाजून टरफलं काढायची, भिजत घालायचे, बारीक वाटायचे, पाण्यात घोटत शिजवायचं. घोंगडीला ताठपणा येतो तो या खळीनं, आणि ओडिशातले पटचित्रकार कापड तयार करायला खडूच्या भुकटीत हीच मिसळतात. म्हणजे जुनं सुती लुगडं, चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड एवढ्यावर कॅनव्हासच्या तोडीचा पृष्ठभाग घरी होतो. रंगासाठी बांधावरच्या बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून फडक्यानं गाळावा. जाड लावला तर वाळल्यावर काचेसारखा तडकतो. दोन थेंब मध घातला की नरम राहतो. जलरंगवाल्यांची ही जुनी युक्ती.

वर्तमानपत्र चिकटवायचंच असेल तर ते पिवळं पडणार हे धरून चालावं. त्याच्या लगद्यातलं लिग्निन उजेडानं तांबूस होतं. १९१२ मध्ये पिकासो आणि ब्राकनं चित्रात डकवलेली कात्रणंही अशीच तपकिरी झाली आहेत, आणि जगातली श्रीमंत संग्रहालयंसुद्धा ती पुन्हा पांढरी करू शकलेली नाहीत. तपकिरीच हवं असेल तर प्रश्नच नाही. पण नको असेल तर कागजीपुऱ्याच्या जातीचा चिंध्यांचा कागद घ्यावा.

आणखी एक काम, ज्यात कौशल्य लागत नाही पण जे बहुतेक कुणी करत नाही. चित्र पुरं झालं की त्याच्या पाठीवर थरांचा हिशेब लिहायचा: ‘सुती लुगडं. चिंचोक्याची खळ, खडू, दोन हात. अंबाडीचे तंतू घालून गावठाणातली पांढरी माती. गेरू, बाभळीच्या डिंकात. कडेला फेविकॉल.’ उद्या पोपडा सुटला तर दुरुस्त करणाऱ्याला कुठलं पाणी चालेल आणि कुठलं नाही हे त्यावरून कळेल. वेरूळच्या भिंतीत काय आहे ते शोधायला सूक्ष्मदर्शक लागला होता. शिसपेन्सिलीनं लिहावं, बॉलपेनची शाई कापडातून पुढे झिरपू शकते. आणि तारीख घालावी, ती हमखास राहते.