पेटके, रक्तापोहनातील

वृक्के (मूत्रपिंडे) निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त कृत्रिम वृक्काच्या साहाय्याने शुद्ध केले जात असताना स्नायूंचे जे अनैच्छिक व अतिशय वेदनायुक्त आकुंचन होते, त्यास रक्तापोहनातील पेटके म्हणतात. ते बहुधा पोटरी व पाऊल यांत, क्वचित हात व उदरभित्ती यांत येतात आणि अपोहनाच्या उत्तरार्धात अधिक आढळतात.

कारणे : पेटक्यांची कारणमीमांसा अद्याप पूर्णपणे झालेली नाही, तथापि शरीरातील पाणी वेगाने काढले जाणे हे प्रमुख कारण मानतात. ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीच्या रक्तद्रवाचे (रक्तातील द्रव भागाचे) घनफळ सु. ३ लि. असते. दोन अपोहनांच्या दरम्यान साठलेले जवळजवळ तेवढेच पाणी सु. चार तासांत काढण्याची वेळ पुष्कळदा येते. ही तूट ऊतकांतील पाणी रक्तात येऊन भरून निघते. काढण्याचा वेग भरपाईच्या वेगाहून अधिक झाल्यास रक्ताचे घनफळ घटते, स्नायूंच्या रक्तवाहिन्या आकुंचित होतात व स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडतो. जादा पाणी काढल्यानंतर रुग्णाचे जे वजन उरावे (‘शुष्क वजन’), त्याचा अंदाज वास्तवापेक्षा कमी धरल्यासही हेच घडते.

रक्तदाब न उतरताही पेटके येतात, यावरून अन्य कारणेही असावीत असे दिसते. अपोहन द्रवात सोडियम कमी असल्यास रक्ताचा तर्षण दाब घटून पाणी कोशिकांत शिरते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम व कार्निटीन यांच्या न्यूनतेशीही पेटक्यांचा संबंध जोडला जातो.

उपाय : पाणी काढण्याचा वेग कमी करणे, आखडलेला स्नायू ताणणे आणि शिरेतून लवण-विद्राव किंवा संहत (तीव्र) ग्लुकोज विद्राव देणे, हे तात्कालिक उपाय होत. पूर्वी क्विनीन देत. परंतु बिंबाणूंची (रक्त साखळण्यास मदत करणाऱ्या घटकांची) संख्या घटणे व हृदयाची लय बिघडणे या धोक्यांमुळे ते आता टाळतात. प्रतिबंधासाठी आहारातील मीठ कमी करणे महत्त्वाचे असते. कारण मिठामुळे तहान व तहानेमुळे साठणारे पाणी वाढते. पाणी अधिक साठल्यास अपोहनाचा कालावधी वाढविणे इष्ट ठरते.

असह्य वेदनांमुळे काही रुग्ण अपोहन अर्धवट थांबवितात. त्यामुळे पाणी व त्याज्य द्रव्ये शरीरात उरतात, पुढील वेळी अधिक पाणी काढावे लागते आणि पेटक्यांचा संभव वाढतो. म्हणून पेटके हा किरकोळ त्रास न समजता रुग्णाने तो आरंभीच परिचारिकेस सांगणे हिताचे असते.