ऊसतोडणी यंत्र : शेतकरी, कारखाना व मजूर यांनी करावयाची पूर्वतयारी

शेतीत एखादे नवे यंत्र येते, तेव्हा त्याचा परिणाम ते विकत घेणाऱ्या इसमापुरता मर्यादित राहत नाही. शेताची आखणी, मालाची प्रत, जनावरांची वैरण आणि मजुरांची रोजी या सर्वांवर त्याची छाया पडते. ऊसतोडणी यंत्र हे याचे बोलके उदाहरण होय.

१९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर राज्यात कारखानदारी वाढत गेली. कारखान्यात ऊस यंत्रावर गाळला जाई. फडात मात्र कोयताच चाले. बीड, जालना, परभणी या जिल्ह्यांतून आणि पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्यांच्या परिसरात येतात. पती व पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबून फेडावयाची, अशी ही रीत आहे.

अलीकडे तोडणीस मजूर पुरेसे मिळत नाहीत, अशी कारखान्यांची तक्रार आहे. पक्व ऊस फडात उभा राहिला की वजन घटते व शेतकऱ्याचे नुकसान होते. म्हणून यंत्राकडे ओढा वाढला आहे. मार्च २०२३ मध्ये राज्य शासनाने राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून ९०० यंत्रांकरिता अनुदान देण्याचा निर्णय घेतला. किमतीच्या ४० टक्के अथवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम देण्याचे त्यात ठरले.

यंत्राचे कार्य

यंत्राच्या वरच्या भागातील तबकडी प्रथम शेंडे छाटते. खालची फिरती पाती ऊस जमिनीलगत कापतात. रूळ तो ऊस आत ओढतात व त्याचे वीतभर लांबीचे तुकडे होतात. पंख्याच्या झोताने पाचट बाहेर फेकले जाते आणि तुकडे शेजारून चालणाऱ्या गाडीत पडतात. मोठे यंत्र दिवसाकाठी सुमारे १०० टन ऊस तोडते. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. म्हणजे एक यंत्र सुमारे ५० कोयत्यांचे, अर्थात १०० माणसांचे काम करते. यंत्राचा विचार करताना हा हिशेब नजरेआड करू नये.

शेतकऱ्यांनी काय करावे

यंत्राची तयारी तोडणीच्या वेळी नव्हे, तर लागणीच्या वेळी सुरू होते. तीन फुटांच्या सरीत यंत्राची व गाडीची चाके बुडख्यांवरून जातात. त्यामुळे जमीन दाबली जाते व खोडव्याचे फुटवे विरळ होतात. याकरिता पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. दोन सऱ्यांतील अंतर पाच फूट ठेवावे व सऱ्या शेताच्या लांबीच्या दिशेने काढाव्यात.
२. शेतातील दगड वेचून काढावेत आणि यंत्र वळविण्यासाठी दोन्ही टोकांस १२ ते १५ फूट जागा मोकळी सोडावी.
३. मोठी बांधणी एकसारखी करावी, म्हणजे ऊस कमी लोळेल. लोळलेला ऊस यंत्राला नीट तोडता येत नाही.
४. तोडणीपूर्वी पाणी वेळीच बंद करावे. ओल्या रानात यंत्र घालू नये. ठिबकच्या नळ्या आधीच काढून घ्याव्यात.
५. बुडखे उंच राहिल्यास ते जमिनीलगत छाटून घ्यावेत. उसाच्या बुडाकडील भागात साखर अधिक असते. तो भाग रानात सोडणे हे नुकसानच होय.
६. पाचट जाळू नये. हेक्टरी पाचटावर ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकावे.

एक-दोन एकरांच्या तुकड्यात यंत्र आणणे परवडत नाही. अशा शेतकऱ्यांनी शेजाऱ्यांशी विचारविनिमय करून एकाच वेळी, एकाच वाणाची व एकाच दिशेने लागण करावी. बांध न मोडताही हे साधता येते.

हाताने तोडलेल्या उसाचे वाढे जनावरांच्या उपयोगी पडते. यंत्र मात्र ते पाचटाबरोबर रानात विखरून टाकते. ज्यांच्या दावणीला जनावरे आहेत त्यांनी कडेच्या काही सऱ्या हातानेच तोडून घ्याव्यात, अथवा वैरणीची वेगळी सोय आधी करावी.

कारखान्यांची जबाबदारी

तुकडे केलेल्या उसाला कापलेली तोंडे अधिक असतात, म्हणून तो लवकर आंबतो व साखरेचा उतारा घटतो. असा ऊस २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. वाहनांची रांग लागू न देणे हे कारखान्याचे काम आहे. यंत्राने तोडलेल्या उसात पाचट व माती येते, या कारणास्तव वजनात कपात केली जाते. ही कपात किती होणार, हे शेतकऱ्याने यंत्र शेतात येण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

मजुरांचा प्रश्न

कोयत्याचे काम अतिशय कष्टाचे आहे. थंडीत पहाटे फडात जाणे, डोक्यावर मोळ्या वाहणे, मुलांची शाळा सुटणे हे कोणासही हवेसे नाही. तथापि कष्ट गेले आणि रोजीही गेली, तर त्यास प्रगती म्हणता येणार नाही. यंत्र चालविणे, त्याची दुरुस्ती, रोपवाटिका व खोडवा व्यवस्थापन यांत काही हातांना काम मिळेल. परंतु सर्वांना मिळणार नाही. म्हणून ज्या गावांतून मजूर येतात तेथेच पाणलोट, दुग्धव्यवसाय व शेळीपालन यांची जोड द्यावी लागेल. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. त्यांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. या सोयींची माहिती हंगाम सुरू होण्यापूर्वी, मजूर स्वतःच्या गावी असतानाच पोहोचली पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या लागणीपूर्वी बागायती गावांत सभा घेऊन सरीचे अंतर, वैरण व वजनातील कपात या तीन विषयांची चर्चा घडवून आणावी. कोरडवाहू गावांतील कार्यकर्त्यांनी कोणत्या कुटुंबांची उचल फिटलेली नाही, कोणाची मुले वसतिगृहास पात्र आहेत आणि कोणते तरुण यंत्राचे शिक्षण घेण्यास तयार आहेत, याची यादी करावी. यंत्र एका गावाच्या शेतात चालते, पण त्यामुळे रिकामे झालेले हात शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या गावात असतात. दोन्ही गावांत हे काम एकाच वेळी सुरू झाले, तरच यंत्राचा लाभ सर्वांच्या पदरात पडेल.