तिरोडी: ३, ६ की १८?

तिरोडी हा शब्द किती अक्षरांचा? बालाघाट जिल्ह्यातल्या या मँगनीजच्या गावातले शाळकरी पोर क्षणात सांगेल, तीन. संगणक म्हणेल सहा. त्यालाच जरा वेगळ्या तऱ्हेने विचारले तर म्हणेल अठरा. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. मात्र प्रोग्राम लिहिताना चुकीच्या शब्दाखाली जी लाल नागमोडी रेघ उमटते, ती नेमक्या जागी पडायची तर यांतले कोणते धरायचे हे आधी ठरलेले असावे लागते.

ती रेघ ओढतो एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याची वही. पण चूक त्याला कळलेली नसते. भाषा पायथन असो की रस्ट, एडिटरच्या लेखी सगळा नुसता मजकूर. चूक दाखवणारा शेजारी बसलेला असतो, त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हटले की दूरच्या थंड खोलीतली यंत्रे डोळ्यांपुढे येतात, आणि या नावाने पुष्कळांची फसगत होते. हा बहुधा तुमच्याच संगणकावर चालणारा साधा प्रोग्राम असतो, नेट गेले तरी त्याचे काम अडत नाही. एडिटर त्याला चिठ्ठ्या पाठवतो: फाइल उघडली, अमुक ओळीत बदल झाला, कर्सर इथे आहे, पुढे काय सुचवशील? या फंक्शनची मूळ व्याख्या कुठे आहे? हे नाव बदलायचे आहे, ते कुठेकुठे आले आहे? सर्व्हर उत्तरे देतो, शिवाय न विचारताही चुका कळवतो.

ही सोय आधीही होती, पण प्रत्येक एडिटरची वेगळी. चार एडिटर आणि पाच भाषा असतील तर वीस जोडण्या कुणीतरी लिहायच्या. गोंदिया ते जबलपूर नॅरोगेज गाडी बालाघाटवरून जायची तेव्हाची गोष्ट आठवा. रुळांमधले अंतर एकीकडे ७६२ मिलिमीटर, दुसरीकडे १,६७६. गोंदियाला डबे तसेच पुढे नेता येत नसत, माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. रुळांचे माप एक झाले की हा खटाटोपच संपतो. २७ जून २०१६ रोजी मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेनव्ही या तीन कंपन्यांनी असेच एक माप जाहीर केले, लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल. त्याचा उगम व्हीएस कोड या एडिटरच्या कामात झाला. सी-शार्प आणि टाइपस्क्रिप्टचे सर्व्हर त्याला जोडताना एकच तऱ्हा सर्वांना चालेल हे लक्षात आले. आता वीसऐवजी नऊ गोष्टी लिहिल्या की भागते. निओव्हिम या एडिटरने २०२१ मध्ये आणि ईमॅक्स या एडिटरने २०२३ मध्ये हे माप आपल्या अंगातच घेतले. सी-प्लसप्लसचा क्लँगडी, गो भाषेचा गोप्लीज, पायथनचा पायराइट हे सर्व्हर मुक्तस्रोत आहेत, कुणीही आतले काम वाचू शकतो.

वाचण्यासारखे ते आहेच. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरचे काम तुलनेने सोपे म्हणावे लागेल: त्याच्यापुढे पूर्ण लिहिलेला प्रोग्राम येतो, चुकला तर परत पाठवायचा. लँग्वेज सर्व्हरपुढे मात्र सदैव अर्धवट वाक्य असते. कंस उघडलेला आणि मिटलेला नाही, नावाची पहिली दोनच अक्षरे झालेली, आणि तेवढ्यावरून पुढचे ओळखायचे. तेही पुढची कळ दाबली जाण्याआधी. अलेक्सेई क्लादोव यांनी सुरू केलेला रस्ट-अ‍ॅनालायझर २०२२ मध्ये रस्टच्या अधिकृत प्रकल्पात सामील झाला. तो पूर्वी काढलेली उत्तरे लक्षात ठेवतो आणि एका ओळीत बदल झाला की त्या ओळीवर जे अवलंबून आहे तेवढेच पुन्हा तपासतो. घरातली जुनी माणसे अर्ध्या वाक्यावरून पुढचे ओळखतात, त्यांच्याही गाठीशी अशीच साठवण असते.

आता पुन्हा मोजणीकडे. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडचा देवनागरी विभाग १९८८च्या इस्की या भारतीय संकेतावर बेतलेला आहे. त्यात मात्रा, वेलांटी, काना यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. ‘ति’ची वेलांटी आपण डावीकडे काढतो, पण संगणकात आधी त आणि मग वेलांटी साठवली जाते, कारण उच्चाराचा क्रम तसा आहे. म्हणून तिरोडीचे घटक होतात सहा. युटीएफ-८ या पद्धतीने फाइलमध्ये लिहिताना प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, तेव्हा अठरा. जोडाक्षरात तर अधिकच गंमत: ‘क्षि’ दिसते एक, घटक चार, बाइट बारा.

पायथनमध्ये देवनागरी नावे चालतात, तेव्हा ही ओळ पाहा:

नाव = "तिरोडी" + गाव

‘गाव’ काय ते आधी सांगितलेलेच नाही, म्हणजे चूक तिथे आहे. तिच्या आधी डोळ्यांना १३ जागा दिसतात. युटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला एकच घर लागते; तिने मोजले तर १७ घरे होतात, युटीएफ-८चे बाइट मोजले तर ३५. प्रोटोकॉलने सुरुवातीपासून युटीएफ-१६ धरले, कारण जावास्क्रिप्ट आणि टाइपस्क्रिप्टचे शब्द तसेच मोजले जातात आणि व्हीएस कोड त्यांतच लिहिला आहे. निवड तत्त्वापेक्षा सोयीची होती, आणि बाइट मोजणाऱ्या भाषांच्या लोकांनी त्यावर बरीच कुरकुर केली. मला ती कुरकुर रास्त वाटते. त्याच प्रोटोकॉलमध्ये चिठ्ठीची लांबी बाइटमध्ये सांगायची आणि चिठ्ठीतली जागा युटीएफ-१६मध्ये, हे चमत्कारिकच आहे. २०२२च्या ३.१७ आवृत्तीपासून एडिटर आणि सर्व्हर सुरुवातीलाच ठरवू शकतात: युटीएफ-८, १६ की ३२. कुणी काही बोललेच नाही तर १६.

इंग्रजी मजकुरात साधारणपणे तिन्ही मोजण्या सारख्याच येतात, त्यामुळे मोजणीतली चूक तिथे दबून राहते. देवनागरीत ती लगेच उघडी पडते. वरची ओळ एडिटरमध्ये लिहून पाहा. रेघ ‘तिरोडी’ मिटवणाऱ्या अवतरणचिन्हापासून सुरू झाली, तर कुणीतरी शाळेतल्यासारखे तेरा मोजले. रेघ ओळीच्या शेवटी जाऊन हरवली, तर ३५ सांगितले गेले आणि ओळ होती वीसच घरांची. बरोबर ‘गाव’च्या खाली पडली, तर दोघांनी एकच माप धरले आहे.